चुन्यात लिहिलेलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत खुर्च्या कमी आणि प्रशिक्षणं जास्त होती. त्यातलं एक माझ्या गळ्यात पडलं: शिक्षकांना रानात तग धरायला शिकवणं. मी स्काउट मास्तर. गळ्यात शिट्टी, कमरेला दोरी, आणि आपल्याला सगळं येतं हा जुना आजार.

दिवाळीच्या सुट्टीत मी देवणीकडच्या माळावर वाट आखून आलो होतो. जिथं वाटेला फाटा फुटतो तिथल्या खडकावर चुन्यानं हातभर अक्षरांत ‘पाणी’ लिहिलं आणि विहिरीकडे बाण काढला. अक्षरं टिकावीत म्हणून चुन्यात डिंक घातला. विहिरीला तेव्हा पाणी होतं. मी स्वतः प्यायलो होतो. पण त्या साली पाऊस कसा गेला होता, हे मला सोडून सगळ्या मराठवाड्याला माहीत होतं.

होळी झाल्यावर तुकडी निघाली. सगळ्यांच्या वॉटरबॅगा मी काढून घेतल्या आणि मागंच ठेवल्या. “खुणा वाचा, पाणी मिळवा. आणि नायकाचा शब्द शेवटचा!” नायक अर्थात मीच.

माळावर एक पाखरू नव्हतं. ओढ्यात एक बैल पडलेला होता, आणि त्याच्यावर माश्यासुद्धा नव्हत्या. आधी गाणी थांबली, मग बोलणं. लांबून विहिरीचे खांब दिसले तेव्हा हदगावकडचे एक गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, कौतुकानं.

विहिरीचा तळ भेगाळला होता.

“चाक काढून नेलंय, हे लांबूनच दिसलं होतं की सर,” ते गुरुजी म्हणाले. विहीर आटली की आमच्याकडे शेंदायचं चाक काढून घरी नेतात. मलाही ते ठाऊक होतं, पण माझा भरवसा खडकावरच्या बाणावर.

“मग बोलला का नाहीत?”

“तुमीच म्हणलाव ना, नायकाचा शब्द शेवटचा.”

तेवढ्यात आमच्यातले वयस्कर हेडमास्तर खाली बसले आणि उठेनात. अंग तव्यासारखं, घाम नाही. दोन काठ्या आणि सदरे बांधून डोली केली. माझी गाठ सुटली, बाकीच्यांच्या टिकल्या. डोलीतून हेडमास्तर पुटपुटले, “सर, हे बी कोर्समधी हाय का?” मग त्यांची मान एका बाजूला कलली, आणि आम्ही जवळजवळ पळतच निघालो.

फाट्याजवळच्या सडकेवर टँकर भेटला. ड्रायव्हरनं त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, ओठ ओले केले आणि सगळ्यांना उदगीरच्या दवाखान्याकडे नेलं. हेडमास्तर वाचले, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी मागं राहिलो होतो. खडकावरचा तो शब्द तसाच ठेवून जाववेना.

दगडानं खरवडलं, दोरीनं घासलं. डिंकानं आपलं काम चोख केलं होतं. पाणी असतं तर ‘पाणी’ पुसता आलं असतं. शेवटी अक्षरांना पाठ लावून बसलो.

उन्हं कलताना एक कुटुंब आलं. नवरा-बायको, डोक्यावर रिकाम्या घागरी, मागं हाडं मोजता येतील अशी दोन गुरं. बाई थांबल्या. माझ्या खांद्यामागून बाणाचं टोक दिसत होतं.

“तिकडं पानी हाय का?”

“न्हाई. विहीर आटलीय.”

“मग सरका की. काय लिवलंय बघू द्या.”

मी सरकलो. त्यांनी मोठ्यानं वाचलं, मग माझी शिट्टी, माझी खाकी निरखली.

“पानी हाय. आमच्यासाठी न्हाई, असंच ना?” नवरा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. ही गोष्ट त्यांना नवी नसावी. “आमच्या बापाला बी असंच सांगायचे. आता आमाला वाचता येतं, साहेब.”

“शप्पथ घेतो, कोरडी हाय. माझंच अक्षर हाय ते.”

“मग तर झालंच,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गुरं बाणाकडे वळवली.

सडक उजवीकडे होती. कधीतरी दुसरा टँकर आला असता. मी शिट्टी फुंकली. गुरांनीसुद्धा मान वळवली नाही. अंधार पडायच्या आत त्यांना परत सडकेवर आणणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून त्या कोरड्या विहिरीकडे मी पुन्हा निघालो, या खेपेला सगळ्यांच्या मागून.