पाकिटावरचा नंबर आणि कॅमेऱ्यातली तारीख

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, संग्रामपूरच्या कृषी कार्यालयात, मी काढलेला एक फोटो खोटा असल्याचा आक्षेप घेण्यात आला. आक्षेप घेणारा बियाणे कंपनीचा प्रतिनिधी होता. समोर तालुका कृषी अधिकारी वानखडे बसले होते. फोटोतल्या बाई, वेणूताई इंगळे, दाराजवळच्या बाकावर होत्या. फोटो खोटा ठरला असता तर त्यांची तक्रार तिथेच निकाली निघाली असती.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातमीही मीच लिहायचो, फोटोही मीच काढायचो. माझ्याकडे एंट्री-लेव्हल डीएसएलआर होता. म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांतला सगळ्यात खालच्या पायरीचा. प्लास्टिकची बॉडी, सोबत मिळते ती किट लेन्स. मी तो अकोल्याहून सेकंड हँड घेतला होता. त्याआधी वरवट बकालला माझा फोटो स्टुडिओ होता आणि तेव्हा सगळं काम रीळवर चालायचं.

आक्षेप समजण्यासाठी मे महिन्यात जावं लागेल.

बीटी कपाशी तालुक्यात सगळीकडे पोचून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं ते पावसाची वाट न पाहता मे अखेरीस ठिबकवर सरकी लावायचे. ब्युरो चीफ बोरसे सरांनी त्याचा फोटो मागितला होता. मी वेणूताईंच्या वावरात गेलो. त्या ओळींत सरकी टोबत, म्हणजे एकेक बी बोटाने मातीत दाबत होत्या. एक पाकीट संपलं की रिकामं पाकीट काडीला अडकवून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोवायचं, ही आमच्याकडची पद्धत. कोणत्या ओळीपासून कोणतं वाण सुरू होतं ते पुढे ओळखू यावं, एवढाच हेतू. वेणूताई पाकीट रोवत असताना मी फोटो घेतले.

ऑटोफोकसचं एक आहे. माणसाच्या चेहऱ्याची त्याला ओळख नसते. जवळचं आणि चकचकीत काय आहे ते तो धरतो. त्याने पाकीट धरलं.

सायबर कॅफेतून फोटो पाठवल्यावर तासाभरात बोरसे सरांचा फोन आला.

"कादर, शेतकरी महिलेचा फोटो मागितला होता ना मी?"

"हो सर. तोच पाठवला."

"बाई धुक्यात आहे आणि पाकीट उन्हात. कंपनीकडून जाहिरात घेतलीस का?"

फोटो छापला गेला नाही. कार्ड भरलं की कॅफेवाल्याकडून सगळे फोटो सीडीवर घ्यायचे, सीडीवर महिना लिहायचा, डब्यात टाकायची, हा माझा नेम होता. नापास फोटोही त्यातच जायचे. निवडून खोडत बसायला वेळ नसायचा.

सप्टेंबरपर्यंत वेणूताईंची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, पुरुषभर वाढली. पाती म्हणतात ती फुलकळी आली आणि गळाली. निम्म्या ओळींत बोंडच नव्हतं. तेच वाण लावलेल्या आणखी सात जणांच्या वावरांत तीच गत होती. आठही जणांनी तक्रार दिली.

अशा तक्रारीत लॉट नंबर लागतो. कंपनी बियाणं गठ्ठ्यागठ्ठ्याने तपासते आणि भरते. प्रत्येक गठ्ठ्याला एक नंबर असतो आणि तो पाकिटावर छापलेला असतो. नंबर नसेल तर वावरातली पऱ्हाटी आणि दुकानातलं बियाणं एकच आहे हे कागदावर सिद्ध होत नाही. आठही जणांनी बियाणं एकाच दुकानातून घेतलं होतं; दुकानदाराने बिलावर वाणाचं नाव लिहिलं होतं, नंबर लिहिला नव्हता. पाकिटं आठही जणांनी धुऱ्यावर रोवली होती. चार महिन्यांच्या ऊनपावसात कंपनीचं रंगीत नाव टिकलं आणि नंबर उडाला, कारण नाव छपाईचं असतं आणि नंबर नंतर मारलेला शाईचा शिक्का असतो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, वेणूताई माझ्याकडे आल्या.

"कादरभाऊ, तुमी मायावाला फोटो काढला होता ना? पाकिटाजवळचा?"

"हाव. काऊन?"

"साहेब म्हणते नंबर पायजे. दुकानदार म्हणते, तुमाले मी दुसऱ्याच लॉटचं बियानं देलं, ते तं सगळीकडे चांगलं आलं. आता नंबर कुठून आनू? उडून गेला ना उन्हानं."

"पण तो फोटो बिघडला होता, ताई. तुम्ही धूसर आल्या त्यात."

"मी धूसर आली तं आली. पाकीट कसं आलं ते सांगा."

मी डबा काढला. मे महिन्याच्या तीन सीडी होत्या. शेवटचीत फोटो सापडला. कॅफेच्या कॉम्प्युटरवर मोठा करत गेलो. पाकिटाच्या खालच्या पट्टीवर लॉट नंबर होता, त्याखाली बियाणं तपासल्याची तारीख होती. दोन्ही वाचता येत होतं. वेणूताईंनी पडद्याजवळ जाऊन एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मला कागदावर लिहायला लावला.

"उद्या या तुमी," त्या म्हणाल्या. "मले हे यंत्रातलं काही सांगता येनार नाही."

गुरुवारी मी सीडी घेऊन गेलो. वानखडेंनी फोटो कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर उघडला. नंबर वाचून टिपून घेतला. कंपनीचा प्रतिनिधी जालन्याहून आला होता. तो शांतपणे उठला, म्हणाला, "एक मिनिट, सर," आणि त्याने फाइलची माहिती उघडली.

डिजिटल फोटोत चित्राबरोबर आणखी माहिती साठवलेली असते. कोणता कॅमेरा, किती उजेड, किती वाजता, कोणत्या तारखेला. त्या फाइलमध्ये १ जानेवारी ही तारीख होती आणि वर्ष त्या हंगामाच्या दोन वर्षं आधीचं होतं.

"पाकिटावर तपासणीची तारीख यंदाची आहे," प्रतिनिधी म्हणाला. "म्हणजे बियाणं तपासायच्या दोन वर्षं आधी यांनी पाकिटाचा फोटो काढला. सर, हा फोटो बनवलेला आहे."

वानखडेंनी माझ्याकडे पाहिलं. वेणूताईंनीही पाहिलं.

चूक कुठे आहे ते मला कळलं होतं. ती माझी होती. स्टुडिओच्या काळात काम संपलं की फ्लॅशचे सेल काढून ठेवायची सवय लागली होती. आत राहिले तर पाझरतात आणि फ्लॅश जातो. डिजिटल कॅमेरा घेतल्यावरही मी बॅटरी काढून ठेवत राहिलो. त्या कॅमेऱ्यात घड्याळासाठी आत एक छोटा सेल असतो आणि तो मोठ्या बॅटरीवर चार्ज होतो. माझा कॅमेरा जुना, आतला सेल थकलेला. बॅटरी काढली की घड्याळ थांबायचं. पुन्हा घातली की पडद्यावर चौकट यायची, तारीख भरा. मी दर वेळी ओके दाबून पुढे जायचो. तारीख भरली नाही तर कॅमेरा त्याच्या जन्माच्या वर्षातली १ जानेवारी धरून चालतो.

मी हे सांगितलं. प्रतिनिधी हसला. "आता काहीही सांगाल."

कॅमेरा पिशवीत होता. बॅटरी नेहमीप्रमाणे वेगळी, रुमालात. मी ती सगळ्यांसमोर घातली आणि कॅमेरा चालू केला. चौकट आली. वानखडेंना दाखवली. ओके दाबलं आणि प्रतिनिधीचा फोटो काढला. फोटोची माहिती पडद्यावर आणून कॅमेरा टेबलावर ठेवला. १ जानेवारी. तेच वर्ष.

वानखडेंनी चष्मा वर करून पाहिलं. "हा कॅमेरा रोज तारीख विचारतो?"

"हो साहेब."

"आणि तुम्ही रोज सांगत नाही."

"नाही साहेब."

"अन् पत्रकार म्हणवता."

बाकावरून वेणूताई म्हणाल्या, "साहेब, त्याहिले नंतर रागवा. माह्या नंबराचं काय ते आधी पाहा."

प्रतिनिधीने मुद्दा बदलला. "ठीक आहे, तारीख चुकीची. मग खरी कोणती? हा फोटो काल काढला असेल. कुठल्याही पाकिटाचा."

हा प्रश्न रास्त होता. उत्तर फाइलच्या नंबरात होतं. कॅमेरा तारीख विसरला तरी मोजणी विसरत नाही. प्रत्येक फोटोला पुढचा आकडा देत जातो. पाकिटाचा फोटो ३११८ होता. त्याच सीडीवर ३०९६ हा वरवट बकालच्या रास्ता रोकोचा फोटो होता आणि ३१४१ हा सोनाळ्याला कुटाराची, म्हणजे जनावरांच्या भुशाची, गंजी जळाली त्याचा. हे दोन्ही आमच्या दैनिकात छापून आले होते. वानखडेंनी शिपायाला गावच्या वाचनालयात पाठवलं. तो मे महिन्याचे अंक सुतळीने बांधून घेऊन आला. रास्ता रोको मंगळवारच्या अंकात होता, गंजी शुक्रवारच्या. छापील फोटो आणि सीडीवरचे फोटो शेजारी ठेवून जुळवण्यात आले. ३११८ या दोन्हींच्या मधला.

"नंबर बदलता येतात," प्रतिनिधी म्हणाला.

"ही सीडी एकदाच लिहिता येते," कार्यालयाचा कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "लिहिल्याची तारीख कॅफेच्या मशीनची आहे. पाहा. एकतीस मे."

प्रतिनिधीने ती तारीख स्वतः माउस हातात घेऊन पाहिली. नंतर तो खाली बसला आणि त्याने आपल्या फाइलचा बंद बांधला.

वानखडेंनी दुकानाचं स्टॉक रजिस्टर मागवलं. कोणत्या लॉटची किती पाकिटं आली आणि गेली याची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. दुकानदार स्वतःच रजिस्टर घेऊन आला. येताच म्हणाला, "साहेब, दोन लॉट आले होते, माझ्या ध्यानात नव्हतं." वानखडेंनी त्याला बसायला सांगितलं आणि पानं उलटली. नंबर मे महिन्याच्या पानावर होता. वेणूताईंच्या बिलाची तारीख तो लॉट दुकानात आल्याच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. बाकी सात जणांची बिलंही त्याच दिवसांतली होती.

सव्वा वाजता वानखडेंनी लॉट नंबर कागदावर चढवला. वेणूताईंनी अंगठा न देता सही केली, पूर्ण नावाची, आणि पेन परत करताना मला म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, तुमाले फोटो नाही जमला ते."

बाहेर पडून मी टपरीवर दोन कप चहा पाठोपाठ प्यालो. मग तिथेच बाकड्यावर बसून कॅमेऱ्यात तारीख भरली. दीड मिनिट लागलं. तेवढ्या दीड मिनिटासाठी आठ घरांचा हंगाम दोन तास टांगणीला लागला होता, ही गोष्ट मी पुढे नव्या वार्ताहरांना कॅमेरा हातात देण्याआधी सांगत असे.

दुपारी बियाण्यांच्या तक्रारी तपासणारी तालुक्याची समिती वावरात गेली. आठही ठिकाणची झाडं मोजली, नमुने घेतले. अहवाल दिवाळीनंतर आला. बियाणं सदोष असल्याचं त्यात नोंदवलं होतं आणि आठही तक्रारी ग्राह्य धरल्या होत्या. कंपनीने पुढच्या हंगामाआधी भरपाई दिली. त्या मृगात वेणूताईंनी कपाशी लावली नाही. त्या वावरात सोयाबीन आणि तूर पेरली.