चुकीचं उत्तर परत न देणारा डोंगर

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतली पावलं वगैरे... आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील शिक्षक. लहानपणी मी “तिकडे काहीतरी आहे” म्हटलं की ते मला हाताला धरून नेमकं तिकडेच न्यायचे. तिथे कधी मांजर निघायचं, कधी वाळत घातलेला टॉवेल. आमच्या महाडच्या वस्तीत देवऋषी, उतारा, नजर यांवर कोणी बोलायला लागलं तर त्याची सगळे मिळून फिरकी घेतात, आणि त्यात मी पुढे असते. तेव्हा पुढचं वाचताना मला भोळी समजू नका. मला फक्त उत्तर हवंय, आणि ते मिळत नाहीये.

मी प्रज्ञा. सरळसेवा भरतीची तयारी करते — तलाठी, लिपिक, ग्रामसेवक, जी जाहिरात येईल ती. वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिथे आमचा दिवस जातो. संगीता तिथलीच माझी मैत्रीण. ती मूळची पोलादपूर तालुक्यातली, कुडपणच्याही पुढे कड्यावर एक छोटी वाडी आहे, तिथली. महाडला मावशीकडे राहून अभ्यास करायची. तिचं पाठांतर जबरदस्त, पण सगळं मोठ्याने म्हटल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. आणि आमच्या अभ्यासिकेत नुसते ओठ हललेले दिसले तरी समोरचा डोळे वटारतो. मग बिचारी जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून कलमं म्हणायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिची आई शेताच्या बांधावरून घसरली आणि पाय मोडून बसली. घरात शेळ्या, त्यांना चारायला दुसरं कोणी नाही. संगीता गावी परत गेली. जाताना तिचे वडील तिला न्यायला आले होते, त्यांना आम्ही सगळे आबाच म्हणतो. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाय, तू समजावून सांग तिला. यंदाची परीक्षा देऊं दे, मी आडवा नाय येणार. पण यंदा नाय झालं तर स्थळ आलेलं हाय, मंग मी काय थांबायचा नाय.” ते वाईट माणूस नाहीत. पण थांबणार नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणजे संगीताचा हा शेवटचा चान्स होता. माझ्यावर तसली टांगती तलवार नव्हती. माझं वयही बसत होतं आणि घरी घाई करणारं कोणी नव्हतं.

गावी गेल्यावर तिने अभ्यासाची नवीच पद्धत काढली. शेळ्या राखताना हातात पुस्तक धरता येत नाही, नजर हटली की एखादी कड्याच्या टोकाला गेलीच म्हणून समजा. मग ती सकाळी घरी एक पान वाचायची आणि दिवसभर ते समोरच्या डोंगराला ओरडून सांगायची. मध्ये खोल दरी, पलीकडे उभा कातळ. शेवटचे दोन-तीन शब्द स्वच्छ परत येतात. तिकडची पोरं असंच एकमेकांची नावं ओरडत मोठी होतात. संगीता भारताचं संविधान ओरडायची.

आणि एक दिवस तिचा फोन आला. तिकडे रेंज एका दगडावर चढल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे ती नेहमी धापा टाकतच बोलते. म्हणाली, “प्रज्ञा, हसू नको गो. डोंगर चुकीचं उत्तर परत देत नाय.”

मी हसले. खूप हसले. मग म्हटलं, वडिलांची मुलगी आहे मी, जाऊन बघायलाच हवं.

रविवारी सकाळी पोलादपूरची एसटी पकडली, पुढे जीप, मग पायी. कड्यावर पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आभाळ निरभ्र होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण अशा गोष्टींत धुकं असतंच. त्या दिवशी समोरच्या कातळावरची झुडपंसुद्धा मोजता आली असती.

संगीताने तोंडाभोवती हात धरले. “कलम सतरा, अस्पृश्यता नष्ट!” पलीकडून आलं — “...श्यता नष्ट.” मग ती म्हणाली, “आता आईक. कलम अठरा, अस्पृश्यता नष्ट!”

काही नाही. दरीत कुठेतरी पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

आता बघा, शेवटचे शब्द दोन्ही वेळी तेच. आवाज तोच, जागा तीच. मी म्हटलं, तू मुद्दाम हळू ओरडलीस. मग मी ओरडले, आधी चुकीचं, मग बरोबर, मग पुन्हा चुकीचं. तेच झालं. आता मला मजा यायला लागली होती. म्हटलं, आपल्याला माहीत आहे म्हणून आपले कान लबाडी करत असतील. म्हणून मी पिशवीतून गाइड काढलं आणि माझा सगळ्यात कच्चा भाग उघडला — राज्यांचे प्राणी. उत्तराचा रकाना हाताने झाकला. संगीतालाही बघू दिलं नाही.

“सिक्कीमचा राज्यप्राणी, याक!” शांत.

“सिक्कीमचा राज्यप्राणी, कस्तुरीमृग!” शांत. एक शेळी तेवढी माझ्याकडे बघत होती.

“सिक्कीमचा राज्यप्राणी, लाल पांडा!”

“...लाल पांडा,” डोंगर म्हणाला.

हात काढून बघितलं. लाल पांडा. माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करते. पण भीती नव्हती. लहानपणी जादूचे प्रयोग बघताना पुढच्या रांगेत सरकून बसावंसं वाटायचं, तसं वाटत होतं. पलीकडच्या कातळाला सिक्कीमशी काय देणंघेणं?

मग आम्ही पुढचे दोन-तीन तास तेच केलं. मध्ये भाकरी खायला तेवढ्या बसलो. सगळं मी मोबाइलवर रेकॉर्डही करून घेतलं. अंधार पडता पडता पोलादपूरच्या स्टँडवर आले आणि बसची वाट बघत ते ऐकायला लागले... आणि तिथेच गोंधळले मी. रेकॉर्डिंगमध्ये सगळे प्रतिध्वनी होते. याकचा होता, कस्तुरीमृगाचा होता, कलम अठराचाही होता. सगळे सारखेच स्वच्छ. म्हणजे डोंगर सगळंच परत देत होता. आम्हा दोघींनाच चुकीचं तेवढं ऐकू येत नव्हतं.

ओळखीच्या एका भौतिकशास्त्राच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मेंदू ऐकायचं ते ऐकतो, सिक्कीमचं तू पूर्वी कुठेतरी वाचलेलं असणार. असेलही. हे मला पटण्यासारखं वाटलं. पण पुढे जे झालं त्याला ते लागू होत नाही.

परीक्षेच्या थोडं आधी संगीताचा पुन्हा फोन. विदर्भातल्या एका उपनदीबद्दलचा प्रश्न होता. कोणता ते लिहीत नाही, त्या परीक्षेला बसलेले इथे असतील तर लगेच ओळखतील. गाइडमध्ये एक उत्तर होतं, आमच्या क्लासच्या सरांनीही तेच सांगितलेलं, अख्ख्या अभ्यासिकेने तेच पाठ केलेलं. संगीता म्हणाली, “ते परत येतच नाय गो. दुसराच पर्याय येतो.” तिने आयुष्यात विदर्भ पाहिलेला नाही. मीही नाही.

मी तिला समजावलं. या क्षेत्रात असलेल्यांना हे माहीत असतं — परीक्षेत बरोबर उत्तर लिहायचं नसतं, पेपर काढणाऱ्याला जे बरोबर वाटतं ते लिहायचं असतं. तोही हीच गाइडं चाळून बसलेला असतो. “हा प्रश्न आलाच तर गाइडचं उत्तर दे. मीही तेच देणार आहे. तुझा शेवटचा चान्स आहे, डोंगराच्या नादाने घालवू नकोस.”

ती म्हणाली, “चुकीचं हाय हे म्हायती असून?”

प्रश्न आला. आमची दोघींची शिफ्ट एकच होती, पनवेलच्या सेंटरवर. मी गाइडचं उत्तर दिलं, तिने डोंगराचं. पहिली उत्तरतालिका आली, त्यात गाइडचंच उत्तर बरोबर धरलेलं. ग्रुपवर कट-ऑफचे अंदाज सुरू झाले. त्या हिशोबाने मी अगदी काठावर पण आत होते, आणि संगीता त्या एका प्रश्नाने बाहेर. तिने फोनवर एवढंच म्हटलं, “जाऊं दे. आबांनी मांडवाचं बोलणं काढलंय.”

हरकत घ्यायची तर पुरावा जोडावा लागतो. “डोंगराने सांगितलं” असं लिहिता येत नाही. मी वाचनालयात जाऊन बसले. कुतूहल म्हणूनच गेले होते, त्यात उदात्त वगैरे काही नव्हतं. मला बघायचंच होतं. जुन्या गॅझेटिअरमध्ये नकाशासकट ते सापडलं. डोंगराचं बरोबर होतं. गाइडवाल्यांनी एकमेकांचं बघून चूक उतरवली होती.

ते पान समोर ठेवून मी बराच वेळ नुसती बसले. हे अपलोड झालं आणि मान्य झालं तर संगीता आत जाणार होती, आणि माझा तोच गुण कापला जाऊन मी बाहेर. मी पुस्तक मिटून घरी गेले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. मग उठले, पानाचे फोटो काढले, सायबरमध्ये जाऊन तिच्या लॉगिनवरून हरकत नोंदवली आणि घरी येऊन आईशी उगाचच भांडले.

सुधारित उत्तरतालिकेत उत्तर बदललं. संगीता लागली. माझं नाव नव्हतं. ती सारखी विचारत होती, “प्रज्ञा, खरंच तुला वाईट नाय ना वाटलं?” मी प्रत्येक वेळी तेच सांगायचे. मला अजून चान्स आहेत, तुला नव्हता, वाईट कसलं? आणि मी नाटक करत नव्हते. वडिलांना सांगितलं, आईला सांगितलं, स्वतःलाही आरशासमोर सांगून झालं होतं. मला खरंच तसं वाटत होतं.

तिचा ऑर्डरचा कागद आला तेव्हा मी पेढे घेऊन कुडपणला गेले. आबांनी माझ्यापुढे हात जोडले, मला कुठे बघावं कळेना. नंतर आम्ही दोघी कड्यावर गेलो. दुपारचीच वेळ. संगीता म्हणाली, “तू मला जे सांगतेस ना, ते तिकडं सांग.”

“मी असल्यावर विश्वास ठेवत नाही,” मी म्हटलं.

“मंग बोलायला तुझं काय जातंय?”

मी हसत हसतच तोंडाभोवती हात धरले. “मला वाईट वाटलं नाही!”

आम्ही दोघी वाट बघत उभ्या राहिलो. पलीकडून काही आलं नाही. संगीताने माझ्याकडे बघितलं नाही. ती शेळ्यांकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मग मला रडू आलं. निकालाच्या दिवशी आलं नव्हतं, ते सगळं तिथे आलं. तिने मला जवळ घेतलं आणि आम्ही तशाच बसून राहिलो.

आता प्रश्न. सर म्हणतात तसं सिक्कीमचं मी कुठेतरी वाचलेलं असेल. नदीचं संगीताने शाळेत कधीतरी ऐकलेलं असेल. मान्य. पण “मला वाईट वाटलं नाही” असं मी ओरडले तेव्हा ते चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं. मी ते खरं समजूनच ओरडले होते. मग ते कोणाला माहीत होतं? इथे कोणी ध्वनी, कान, मेंदू असलं काही शिकलेलं असेल तर कृपया सांगा. मी अजून शोधतेय.