बिनविषारी आहे, काही होत नाही

माझा नवरा कॉलेजात असल्यापासून सर्पमित्र. सांगलीकडे कुणाच्या न्हाणीघरात, कुणाच्या कडब्यात साप निघाला की ह्याला फोन यायचा आणि हा अभ्यास टाकून काठी-पिशवी घेऊन पळायचा. नाग पकडलेत, घोणस पकडलीय, एकदा घोणस चावून दवाखान्यात पडूनही होता. या सगळ्यातून जगातल्या सापांचे दोनच गट त्याच्या डोक्यात पक्के बसले: विषारी आणि बिनविषारी. विषारी सापाशी तो इतका जपून वागतो की बघत राहावं. बिनविषारी म्हटला की गळ्यात घालून फोटो. त्याला एकट्याला कशाला नावं ठेवू, आपल्याकडे लोक आधी हेच विचारतात, विषारी आहे का हो? नाही म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि चहा येतो.

आता आम्ही डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहतो. या देशात रानात एकही साप नाही. लग्न करून इथे आले तेव्हा मला वाटलं, चला, सुटले. कशाचं काय. इथे लोक घरात साप पाळतात. नवऱ्याच्या ऑफिसातला एक आयरिश सहकारी कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला आणि त्याची नऊ फुटी बोआ आमच्या मागच्या बेडरूममध्ये राहायला आली. बोआ म्हणजे आपल्या अजगरासारखीच. विष नाही, भक्ष्याला वेटोळी घालून आवळून मारते. मी नको म्हणाले, भांडले, अबोला धरला. मग एकदा तिचा तो जड, कोरडा, हळूहळू सरकणारा देह दोन्ही हातांवर घेतला आणि माझीच बोलती बंद झाली. सुंदर आहे ती, खोटं कशाला बोलू.

तिला पोचवायला तो सहकारी स्वतः आला आणि सबंध दुपार बसून त्याने आम्हाला शिकवलं. तिच्या काचेच्या पेटीचं दार उघडलं की तिला वाटतं, जेवण आलं. म्हणून आधी लांब दांड्याचा आकडा तिच्या अंगाला हलकेच लावायचा, म्हणजे तिला कळतं की आज जेवण नाही, नुसतं उचलणार आहेत. त्याच्याही आधी हात साबणाने धुवायचे. तिला दिसतं बेताचं, पण वास फार कळतो, आणि हाताला मांसाचा वास असेल तर तो हात आहे की उंदीर, याची ती चौकशी करत बसत नाही. जेवल्यावर दोन-तीन दिवस तिला हलवायचं नाही. गळ्यात तर कधीच घालायची नाही. आणि एवढं मोठं जनावर एकट्याने बाहेर काढायचं नाही, दुसरं माणूस खोलीत हवंच. वेटोळं पडलं तर डोक्याकडून ओढू नका, शेपटीकडून उलगडत या. दर दोन वाक्यांनी तो 'शी इज ग्रँड' म्हणत होता, म्हणजे स्वभावाने चांगली आहे हो, पण एकट्याने नाही.

नवरा मान डोलावत होता. ती मान मी ओळखते. माझी आई त्याला गोड कमी खा म्हणते तेव्हा तो अशीच डोलावतो. सहकारी गेल्यावर म्हणाला, केवढं अवडंबर, बिनविषारी तर आहे! मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. घाईत माणसं काय काय विसरतात, यावरच माझं पोट चालतं. तेव्हा नियम सांभाळायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आकडा मी खोलीच्या दारामागे अडकवला, थंड पाण्याची बाटली खिडकीत ठेवली, कारण चावा घेतला आणि सोडत नसली तर तोंडावर थंड पाणी ओतायचं असतं. दुसरं माणूसही मीच. तो तिला गळ्याकडे न्यायला लागला की मी ओरडायची, तो 'पोलीसबाई' म्हणायचा, म्हणू दे.

मागच्या उन्हाळ्यात सासरे आले, पहिल्यांदाच. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर उभा जन्म काढलेला माणूस, बोलणं मोजकं. मुलाच्या सर्पमित्रपणावर त्यांचा कायमचा राग. गल्लीतले लोक टाळ्या वाजवायचे, पण बाबा एकदाही बघायला थांबले नाहीत. हा पिशवी घेऊन निघाला की ते चपला घालून बाहेर पडायचे. घोणस चावली त्यानंतर तर त्यांनी ह्याची काठी मोडून बंबात घातली. नवरा हे हसत हसत सांगतो, पण सांगताना त्याचा आवाज उतरतो. चाळिशीला टेकलेला माणूस, हाताखाली टीम आहे, स्वतःचं घर आहे, आणि त्याला अजून एकच गोष्ट हवी होती: बाबांनी एकदा समोर थांबून बघावं. हे तो माझ्याशी कधी बोलला नाही. पण बाबा यायच्या आधी त्याने ती पेटी ज्या मायेने घासली, तशी त्याने आमची बेडरूमही कधी पुसलेली नाही.

बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की त्यांना ते बघायचं नाही. ते सकाळी स्टेशनापर्यंत चालून यायचे, दुपारी पेपर मोबाइलवर वाचायचे, आणि वरच्या बाथरूमला जायला मागच्या बेडरूमवरून जावं लागतं म्हणून गुडघे दुखत असूनही जिना उतरून खालच्या टॉयलेटला जायचे. नवरा रोज काहीतरी निमित्त काढायचा, आज तिने कात टाकलीय, आज ती पाण्यात बसलीय. बाबा हूं म्हणायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

रविवारी आमच्याकडे कोंबडी असते आणि रस्सा नवराच करतो, त्यात तो मला हातही लावू देत नाही. त्या रविवारी ब्लँचर्डस्टाउनहून नारळ-कोथिंबीर आणली होती. तो हाताने कोंबडीला मसाला चोळत होता, मी शेगडीपाशी वाटण परतत होते, बाबा टेबलाशी लसूण सोलत होते. मध्येच ते म्हणाले, दाव तुझी ती. एवढंच. लसणावरची नजरसुद्धा उचलली नाही.

नवऱ्याने हात फडक्याला पुसले. फडक्याला! मी ओरडले, हात धू, थांब, मी येतेय. पण त्याच्या कानात काही शिरतच नव्हतं. इतकी वर्षं वाट बघितलेला माणूस, बाबांचा विचार बदलायच्या आत तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. बाबा मागोमाग, कठड्याला धरून. मी शेगडी बंद केली आणि धावले.

मी दारात पोचले तेव्हा तिने त्याचा उजवा हात मनगटाच्या वर धरला होता आणि दोन वेटोळी पडली होती. आकडा दारामागे तसाच. नवऱ्याने डाव्या हाताने तिची मान पकडली आणि ओढायला लागला, नागाची सवय. तिचे दात आत वळलेले असतात, ओढलं की जखम फाटते. ओढू नकोस, मी म्हणाले. त्याने सोडलं. तोवर ती अर्धीअधिक पेटीबाहेर आली होती आणि शेपूट त्याच्या खांद्यावरून मानेकडे चाचपत निघालं होतं. पाणी ओतायला एक माणूस हवं, शेपूट सोडवायला एक, आणि दुसरा माणूस दारात भिंतीला चिकटून उभा होता.

"बाबा, शेपूट धरा," मी म्हणाले. "डोक्याकडे जाऊ नका. शेपटीकडून उलगडत या."

ते आले. विचारलं नाही, कचरले नाहीत. शेपूट दोन्ही हातांनी धरलं, मानेपासून लांब घेतलं आणि पीळ सोडवावा तसे हळूहळू फिरत आले, एक वेटोळं, मग दुसरं. कपाळावरून घाम डोळ्यात जात होता तरी पकड सोडली नाही. मी तिच्या तोंडावर पाणी ओतत राहिले. बऱ्याच वेळाने तिला कळलं असावं की हे काही जेवण नव्हे, तिने जबडा सैल केला. तिघांनी मिळून तिला आत ठेवलं आणि काच लावली.

मग मी सुटले. नळाखाली त्याचा हात धरून साबण लावता लावता, वॉक-इन क्लिनिकला जाता येता, जे तोंडाला येईल ते बोलले. तो एकदाच पुटपुटला की बिनविषारी आहे, काही होत नाही, आणि मी असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं. हातावर दातांची कमान उमटली होती. दंड हिरवा-निळा झाला होता.

परत आलो तर बाबा जिन्याच्या पायरीवर बसलेले. नवरा त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. त्याने माफी मागितली. म्हणाला, तुम्हाला सापाची भीती वाटते, माहीत होतं मला, उगाच हट्ट केला.

"सापाची?" बाबा म्हणाले. "आरं, पोत्याखाली साप निघायचे आमच्या, मीच काढायचो बाहीर. सापाला मी कवा भ्यालोय? तू पिशवी घेऊन निघालास की मी कोपऱ्यावर जाऊन उभा ऱ्हायचो, तू परत येईस्तवर. मला बघवायचं न्हाई रं. तू लई घाई करतोस."

नवरा गुडघ्यात मान घालून रडला. मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि मीही रडले, लपवलं नाही. बाबा त्याच्या दुखऱ्या हाताकडे बघत बसले. मग नाक पुसून नवऱ्याने विचारलं, हात बरा झाला की पुन्हा एकदा काढीन, सगळं नीट करून, तर खुर्ची ठेवू का, बसाल का बघायला?

"खुर्ची नको," बाबा म्हणाले. "लांब पडतं. शेजारीच उभा ऱ्हातो."