दहा दाबांनंतर एक घोट

शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनकाकांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. तीस वर्षांत आपल्या गाड्यांच्या ब्रेकला त्यांनी परक्याचा हात लागू दिला नव्हता. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम तर घरचंच. काका चाकाशी आडवे, काकू स्टिअरिंगमागे. "दाब!" "दाबला." "सोड!" "सोडला." एरवी घरात हुकूम काकूंचा, काकांची सत्ता काय ती एवढीच.

आता काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पाय सरळ ठेवून त्या घरात, अंगणाकडच्या खिडकीशी पडून होत्या. उद्या सकाळी टाके काढायचे होते. दवाखान्यात जाताना गुडघा वाकू नये म्हणून काकांनी व्हॅनचं मधलं सीट काढून गादी घातली होती. आणि नेमकी आज ब्रेकची गळकी नळी बदलावी लागली. पेडल लोण्यात पाय पडावा तसं खाली जाऊ लागलं.

शेजारपाजारचे कामावर गेलेले. मग काकांनीच तोड काढली. चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, सैल करून तिला पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. पेडल सोडल्यावर नळीनं ओढलंच तर ऑइल ओढेल, हवा नाही. आपणच दाबायचं, उतरून बुडबुडे बघायचे, पुन्हा चढायचं. कंबर बोलायला लागली, पण तीन चाकं झाली. चौथ्याला पेडल भसकन खाली गेलं. नळीत बुडबुडेच बुडबुडे. सगळं मुसळ केरात!

"अहो," खिडकीतून काकूंचा आवाज आला, "डबी बघितलीत का?"

"कसली डबी?"

"स्टिअरिंगजवळची, ऑइलची."

"सुरुवातीलाच काठोकाठ भरलीय. एका भरण्यात चारही चाकं होतात. तीस वर्षं बघतोय मी!"

"तुम्ही चाक बघत होतात. डबीत मी ओतत होते. दहा दाब झाले की एक घोट."

काकांनी झाकण उघडलं. डबी कोरडी ठणठणीत. तिथूनच हवा पुन्हा आत शिरली होती.

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"मध्ये बोललं की खेकसता. म्हटलं, पाय पेडलवर असला तरी हात रिकामेच आहेत."

झाकण हातात धरून काका उभेच राहिले. शाळेचं फाटक तीव्र उतारावर. तिथे इतक्या वर्षांत गाडी एकदाही वीतभर पुढे घसरली नव्हती. त्याचं सगळं श्रेय त्यांनी आपल्या पान्ह्याला दिलं होतं.

"मोजतेस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मोजते. पण आज हुकूम माझा."

पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात. खिडकीतून "दहा!" आलं की काका निमूटपणे ओतत. ऊन भिंतीवर चढलं तोवर पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं.

सकाळी दवाखान्याच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली. गादीवरचा पाय तसूभरही हलला नाही.

काका मान वळवून म्हणाले, "तुझ्या जिवावर चालत आली गं ही गाडी."

"चालत कसली, थांबत आली," काकू म्हणाल्या. "पुढे बघा."