ओटीत आलेलं रोप

बारामतीत आमची एक छोटी संस्था आहे. शेतीचा कोर्स केलेल्या मुलामुलींना आसपासच्या धंद्यांत वर्षभर शिकाऊ म्हणून चिकटवायचं, एवढंच तिचं काम, आणि ते चिकटवायचं काम माझं. नर्सरीवाले, डेअरीवाले, कोल्ड स्टोरेजवाले, सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढत मी स्कुटीवरून बारामती ते इंदापूर हिंडते. आणि काय काय ऐकून घेते! "शिकवायचं आमी आन् उद्या समोरच धंदा टाकायचा त्यानं." "पोरं मोबाईल बघत बसत्यात." "मुलगी? नगं बाई, जबाबदारी कोण घेणार?" एका कोल्ड स्टोरेजवाल्यानं मला तीन चकरा मारायला लावल्या आणि तिसऱ्यांदा मी पुढच्या दारात बसलेली असताना हा पठ्ठ्या मागच्या दारानं पसार. माझं डोकं तसंही लवकर सटकतं. त्याच्या वॉचमनला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून निमगाव केतकीच्या पुढचे ते नर्सरीवाले आबा पहिल्याच भेटीत "पाठवा की, कितीबी पाठवा" म्हणाले तेव्हा मला रडू यायचं तेवढं राहिलं. डाळिंबाची रोपं विकणारी नर्सरी. दोन वर्षं मी या धंद्यातल्या एकाला तरी तयार करायच्या मागे होते. आबांनी येणारी मुलगी काय शिकलीय विचारलं नाही, कागद वाचला नाही, सही ठोकून मोकळे झाले. चहा झाल्यावर मी हौसेनं मागच्या बाजूला निघाले. तिथं हिरव्या कापडाच्या आड मूळ झाडांची बाग होती, जिच्या फांद्यांपासून रोपं करतात ती. आबा पटकन आडवे आले.

"तिकडं काय न्हाय मॅडम. चिखल हाय."

मे महिना होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. वैशाखात चिखल कुठून आला, हे मी विचारायला हवं होतं. मला ते जाणवलंही. पण हातात सही केलेला कागद होता, आणि मी त्याच्याकडंच बघत होते.

मुलगी अंथुर्ण्याची, एकोणीस वर्षांची. तिच्या वडिलांना सगळा गाव तात्या म्हणतो, मीही तात्याच म्हणायला लागले. त्यांची परवानगी काढायला गेले तर ते बागेत होते. मी आपली बांधावरून तरातरा आत शिरतेय तोवर ओरडले, "थांबा! आधी चप्पल काढा!"

मला वाटलं देवबीव आहे आत. तर तसं काही नव्हतं. बागेच्या तोंडाशी एक पसरट घमेलं होतं, त्यात मोरचुदाचं निळं पाणी. चप्पल काढायची, पाय त्यात बुडवायचे, मग आत. तात्यांच्या बायकोला, पोरीला, पाहुण्यांना, व्यापाऱ्याला, सगळ्यांना हा एकच नियम. मी कुरकुरले तशी पोरगी हसली आणि म्हणाली, "मॅडम, मामांना पण सोडत नाहीत. मामा रागावून वर्षभर आले नव्हते."

कारण होतं तेल्या. डाळिंबावरचा रोग. पानावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग, मग फळावर काळा डाग, मग फळ उकलतं. रोपातून येतो, कात्रीतून येतो, पावसाच्या शिंतोड्यातून या झाडावरून त्या झाडावर जातो, आणि एकदा आला की बाग काढून जाळण्यावाचून उपाय राहत नाही. आजूबाजूच्या कितीतरी बागा त्यानं गेल्या होत्या. तात्यांची दीड एकर, आठ वर्षांची, भगवा जातीच्या डाळिंबाची बाग तेवढी राहिली होती. त्यावर त्यांचं घर चालत होतं, आणि हे ते प्रत्येक वाक्याआड सांगत होते.

"पोरगी रोज दुसऱ्याच्या बागंत जाणार आन् सांजच्याला माझ्या बागंत येणार. कायतरी घिऊन आली म्हंजी?"

"तात्या, मी आहे ना," मी म्हणाले. "माझा शब्द."

त्यांनी बरं म्हणून मान डोलावली. पुढं कामाला लागल्यावर पोरगी घरी आली की मोरीत जाऊन अंघोळ करायची, कपडे बदलायची, आणि मगच आईच्या मदतीला बागेत जायची. हे मला तिनंच सांगितलं, कौतुकानं.

जूनमध्ये ती रुजू झाली. रोज सकाळी अंथुर्ण्याहून एसटीनं निमगाव. पावसाळ्यात या नर्सरीत गुटीचं काम असतं. झाडावरच्याच फांदीची दोन बोटं साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं, आणि मुळं फुटली की फांदी कापून पिशवीत लावायची. पोरीचा हात इतका हलका होता की आठच दिवसांत आबा तिला "आमची कारागीर" म्हणायला लागले. मी तिचा फोटो काढला आणि पाच नर्सऱ्यांना पाठवला. बघा, म्हटलं, घाबरताय कशाला!

जुलैच्या मध्यावर ती बारामतीला माझ्या ऑफिसात आली. बसलीच नाही. मोबाईल पुढं केला. पानाचा फोटो होता, उजेडाकडं धरून काढलेला. पान हिरवं, आणि मध्ये तीन-चार ठिकाणी ते तेलकट, आरपार दिसत होतं.

"मॅडम, मागच्या बागेत आहे. पान आणलं नाही मी, फोटोच आणला. एकाच कात्रीनं सगळी झाडं कापतात. मी औषधात बुडवायला लागले तर आबा म्हणाले, वेळ घालवू नको."

मी घाबरले. आणि घाबरले की मी चिडते, हा माझा जुना दोष.

"तू शिकायला गेलीस ना? मग शिक. मालकाच्या चुका काढायला पाठवलं नाही तुला. दोन वर्षं मी पायऱ्या झिजवल्यात, तेव्हा हे एक दार उघडलंय."

तिनं मोबाईल पर्समध्ये ठेवला. "बरं, मॅडम," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तरी दुसऱ्या दिवशी मी आबांकडं गेले. मनाची तेवढी तरी लाज होती. आबा हसले. "नवीन पोरगी हाय. खताचा डाग आसंल." मी म्हणाले, बघू तरी द्या मला. तसं हसणं थांबलं.

"मॅडम, आमी नगं म्हणत हुतो का? तुमीच आलता. नसंल पटत तर घिऊन जावा तुमची पोरगी. बाकीच्या नर्सरीवाल्यांस्नीबी सांगतो मी, शिकाऊ घेतला की काय हुतंय ते."

आणि मी मूग गिळून परत आले. खरं सांगते, वाटेत मी स्वतःची समजूतही घातली. खताचाच असेल. पोर नवीन आहे. आबा तीस वर्षं या धंद्यात आहेत. निमगावपासून बारामतीपर्यंतचा रस्ता अशी समजूत घालायला पुरेसा लांब आहे.

पाऊस संपला. कोरड्या हवेत तेल्या दबून बसतो, डाग दिसत नाहीत. दिवाळीनंतर रोपांचे टेम्पो भरून जायला लागले. कुठल्या कुठल्या गावांत गेली ती रोपं, देव जाणे. पोरगी कामावर जात होती, फोनवर "ठीक आहे मॅडम" एवढंच बोलत होती. मी तिच्या अहवालात लिहिलं, वर्तन उत्तम. ते लिहिताना मला बरं वाटलं नाही, तरी लिहिलं.

मे महिन्यात तिचं वर्ष पुरं झालं. मी आबांच्या नर्सरीतच छोटा कार्यक्रम ठेवला. आसपासचे आठ-दहा धंदेवाले बोलावले, त्यात दोन नर्सरीवाले अगदी सहीच्या बेताला आलेले. तात्यांनाही बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, पिकअप घेऊन आले. मी भाषण ठोकलं, आपल्या पोरांना आपणच नाही शिकवायचं तर कोणी, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग आबांच्या मंडळी पुढं आल्या. पोरीचं लग्न झालेलं नाही, पण नवरात्रात कुमारिकेची भरतात तशी त्यांनी तिची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, आणि वर डाळिंबाचं एक रोप. आबा म्हणाले, "आमची कारागीर हाय. मोकळ्या हातानं पाठवत न्हाय आमी. तात्याराव, शंभर रोपं पिकअपमदी टाकल्यात. पोरीनं सोताच्या हातानं बांधलेली गुटी हाय."

तात्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला. ज्या माणसानं मेव्हण्याला चप्पल घालून बागेत येऊ दिलं नाही त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लेकीच्या हातचं रोप. ते त्याला घमेल्यात बुडवून घ्यावंसं कसं वाटणार?

पोरीनं ओटीचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मला कळलं तिला काय म्हणायचंय. तुम्ही सांगा, एवढंच. मी सांगितलं असतं तर आबा बोंबलले असते, ते दोन नर्सरीवाले उठून गेले असते, माझी तीन वर्षं पाण्यात गेली असती.

मी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा मीच. मग सगळ्यांनी.

चार दिवसांनी तिचा फोन आला. रोपं तिनं बागेपासून लांब, लिंबाखाली सावलीत उतरवून घेतली होती, इतक्यात लावू नका म्हणून तात्यांना थोपवून धरलं होतं. "मॅडम, सांगू का घरी?"

"थोडं थांब," मी म्हणाले. "पंधरा दिवस. त्या दोघांच्या सह्या होऊ देत. तात्या ऐकल्यावर गप्प बसायचे नाहीत, उद्या सगळ्या तालुक्यात होईल. रोपं तशीच राहू देत तिथं."

"बरं, मॅडम."

आणि पुढच्याच आठवड्यात मी तिला एका मुलाखतीसाठी बारामतीला बोलावलं. आदल्या रात्री पावसाची सर येऊन गेली होती. दिवसभर ती माझ्या ऑफिसात होती. तेवढ्यात तिकडं तात्यांनी विचार केला की पोरगी स्वतःच्या हातची रोपं लावायला उगाच लाजतेय, आणि मजूर लावून बागेच्या मोकळ्या कडेला शंभर खड्डे घेतले. ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा रोपांना पाणी देऊन झालं होतं. हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "आता काय करू?" मी म्हणाले, "बघू. कदाचित नसेलही काही." जून गेला, जुलै गेला. फोन वाजला की मी आधी नाव बघायचे. मी स्वतःहून एकदाही केला नाही.

दोन्ही नर्सरीवाल्यांच्या सह्या मात्र झाल्या.

ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला. शब्द नव्हता. पानाचा फोटो, उजेडाकडं धरलेला. मागं धूसर दिसत होतं ते तात्यांच्या घराचं पत्र्याचं छप्पर होतं.

मी गेले. नाही गेले असते तर कोणी विचारलं नसतं, पण गेले. पावसाची उघडीप होती. बागेच्या तोंडाशी आले आणि सवयीनं चप्पल काढायला वाकले. घमेलं पालथं पडलं होतं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," तात्या आतून म्हणाले. "घालूनच या आता."

कडेच्या शंभर रोपांवर डाग होते, तिथून पुढं जुन्या झाडांच्या तीन रांगांवर, आणि चौथ्या रांगेतल्या फळांवर काळे ठिपके. दोन-तीन फळं उकलली होती. पोरगी फांद्या कापत होती. सगळी बाग काढून जाळायचं ठरलं होतं, तरी प्रत्येक झाड झालं की ती कात्री औषधाच्या बादलीत बुडवत होती.

"आठ वर्सं संभाळली," तात्या म्हणाले. "माशीला इचारून आत घेतलं. कुठनं आला म्हणायचा ह्यो?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगी बोलली. "वाऱ्यानं आला असेल, तात्या. शेजारच्या बागेतून."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. कात्री बुडवली, पुढच्या झाडाला लागली. मालकाचं बोलायचं नाही, मॅडमचं बोलायचं नाही. वर्षभरात गुटी बांधायला तिला आबांनी शिकवलं होतं. हे मी शिकवलं होतं.

मी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. जुलैमधला फोटो, आबांचं बोलणं, सह्या, तो पंधरा दिवस थांब म्हणून सांगितलेला फोन. मला वाटलं ते शिव्या देतील. मी तयार होते, मला त्या हव्याच होत्या. तात्यांनी शिव्या दिल्या नाहीत. कार्यक्रमाचा तो इस्त्रीचा सदरा आता कामाला काढला होता, त्याच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

"म्हंजी तितं, आबाच्या नर्सरीत, ओटी भरली तवा तुमाला म्हाईत हुतं?"

"हो."

"मग टाळ्या कशाला वाजवल्या, मॅडम?"