सोमवारची मोबाईल-हजेरी

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत हो! कपाटातल्या फायलींवर धूळ साठते, तसे ते आपोआप साठतात. परवा कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या आणि एकीने विचारलं, "तुझ्या ऑफिसात नेमकं चालतं काय गं?" मी सांगायला बसले, तर त्यांची बस चुकली.

मी नंदुरबारला परिवीक्षा अधिकारी आहे. हा शब्द आमच्या शिपायालाही नीट म्हणता येत नाही, म्हणून सगळे मला 'हमीवाल्या मॅडम' म्हणतात. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला कोर्ट कधीकधी तुरुंगात न पाठवता, 'ठरल्या मुदतीत नीट वागेन' अशा हमीवर सोडतं. अशा माणसावर लक्ष ठेवायचं आणि जमेल तितकं त्याला सांभाळून घ्यायचं, हे माझं काम.

पूर्वी ही माणसं हजेरीला ऑफिसात यायची. डोंगरातला माणूस पहाटे निघायचा, जीप धरायचा, मग एसटी, मग पायी. इथे येऊन एक सही करायची आणि परत! दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. मग मोबाईलचं ॲप आलं. सोमवारी फोन वाजतो, अर्ध्या तासात आपला फोटो पाठवायचा. स्क्रीनवर एक गोल येतो, त्यात चेहरा आणायचा, की फोटो आणि ठिकाण दोन्ही आमच्याकडे.

आमचे क्लार्क गिरासे भाऊसाहेब तेव्हाच अहिराणीत म्हणाले होते, "मॅडम, मानूस गोलमा मावाव नही!"

* * *

पहिलं ट्रेनिंग अक्कलकुव्याला घेतलं. पहिला नंबर खात्र्यादादा वसावेंचा. वय साठीच्या पुढे, बांधावरून भांडण करून आलेले, आता मात्र अगदी गरीब चेहऱ्याने बसलेले.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. गोल आला. खात्र्यादादांनी टोपी काढली, हात जोडले आणि मान खाली घातली. ॲप म्हणालं, 'चेहरा दिसत नाही.'

"दादा, वर बघा." त्यांनी वर बघितलं. गोल हिरवा व्हायला लागला, तेवढ्यात मान परत खाली!

असं सात-आठ वेळा झालं. मागे बसलेले हसायला लागले. शेवटी मी म्हटलं, "दादा, तुम्ही मान खाली का घालता?"

ते हळूच म्हणाले, "मॅडम, यात कोर्टाचे साहेब बघतात ना? साहेबासमोर मान वर केली, म्हणून तर पोलिसांनी पहिल्यांदा मारलं!"

मग कुणी हसलं नाही. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि पहिला फोटो आम्ही दोघांनी मिळून काढला. ॲपने तो नाकारला. एका गोलात दोन माणसं चालत नाहीत म्हणे!

* * *

खापर गावाच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला अगदी चिकटून जमनाबाईंचं घर. नळावरच्या भांडणात त्यांनी शेजारणीच्या डोक्यात हंडा घातला होता. अट होती, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही.

दर सोमवारी त्यांचा फोटो वेळेवर यायचा आणि खाली लाल अक्षरांत लिहून यायचं, 'जिल्ह्याबाहेर'. तीन सोमवार तेच! मी फोन केला की म्हणायच्या, "मॅडम, मी घरातच आहे, भाकरी टाकते आहे."

शेवटी मी स्वतः गेले. बाहेरच्या ओट्यावर माझा फोन ठीक होता. चुलीपाशी गेले आणि कंपनीचा मेसेज आला, 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे'. छपराखाली जागा नीट कळली नाही, की ॲप पलीकडच्या टॉवरवरून अंदाज बांधत होतं.

"आता कळलं ना?" जमनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "शिजवते गुजरातमध्ये, खाते महाराष्ट्रात. जाऊ कुठे?"

मी रिपोर्टमध्ये तेच लिहिलं. थोडं सरकारी भाषेत.

* * *

शहाद्याकडचा एक मुलगा, त्याला आपण संजू म्हणू. मारामारीत सापडला होता, पण स्वभावाने अगदी लोण्याचा गोळा. सोमवारी सकाळी त्याचा फोन आला, आवाज रडवेला.

"मॅडम, मी मीच शे! पन मशिन ऐकी नही ऱ्हायनं!"

ॲप सांगत होतं, 'चेहरा जुळत नाही'. चार वेळा झालं होतं. वेळ संपायला दहा मिनिटं उरली होती.

"तोंड धुऊन परत काढ," मी म्हटलं.

"तोंड धवाले आत्या काही देस नही!"

मला काही समजेना. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. लावला आणि बघते तो काय, मांडव, बँड, बायका आणि मधोमध पाटावर नखशिखांत पिवळा झालेला संजू! नवरदेव तोच. हळद लागलेली आणि त्या हळदीतून फक्त दोन घाबरलेले डोळे दिसत होते.

"अरे, मला आधी सांगायचं नाही का?"

"सोमवार शे हाई ध्यानमाच नही ऱ्हायनं, मॅडम!"

मी त्याला ओळखलं, तशी नोंद हाताने केली आणि सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. तेवढ्यात त्याच्या आजीने फोन हातात घेतला आणि कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाली,

"मॅडम, मशिन हुशार शे! लगीन व्हयनं का मानूस वळखू येतच नही!"

मांडवात जो हशा उठला, त्यात मागे उभे असलेले आजोबा मात्र हसले नाहीत.

* * *

धडगावच्या वर एका पाड्यात फोनला रेंज फक्त एका खडकावर मिळते. तिथे चढून उभं राहायचं आणि फोन उंच धरायचा. बामण्या म्हणून एक शेतकरी तिथून हजेरी द्यायचा. शेजाऱ्याचं डोकं फोडलं होतं त्याने. कोर्टाची सक्त अट, फिर्यादीच्या जवळ फिरकायचं नाही.

एकदा त्याचा फोटो मोठा करून बघितला. मागे, गोलाच्या बाहेर, एक माणूस उभा होता. कपाळावर ही एवढी खूण. तोच फिर्यादी!

मी लगेच फोन लावला. "बामण्या, तुझ्या मागे कोण आहे?"

"तोच आहे, मॅडम."

"तोच म्हणजे?"

"ज्याचं डोकं फोडलं तो."

"अरे, त्याच्याजवळ जायचं नाही असं सांगितलंय ना?"

"मी नाही गेलो. तोच मला घेऊन आला."

तेवढ्यात दुसराच आवाज फोनवर आला. "मॅडम, याच्या लक्षात राहत नाही. मी दर सोमवारी याला घरातून ओढून खडकावर आणतो."

मी चक्रावलेच. "तुम्ही? तुम्हाला तर याने मारलंय ना?"

"मारलंच आहे! पण त्याचा एक बैल आणि माझा एक बैल, दोन्ही मिळून नांगर चालतो. हा जेलात गेला तर त्याची बायको बैल विकेल. मग मी एका बैलाने काय करू?"

दुसऱ्या आठवड्यात दोघांना घेऊन मी कोर्टात अर्ज दिला. अट शिथिल झाली. बैल अजून एकत्रच चालतात, असं ऐकते.

* * *

वरिष्ठ साहेब पाहणीला आले होते. ॲपचं कौतुक ऐकून म्हणाले, "कुणाला तरी आत्ता लावा व्हिडिओ कॉल. मीच बोलतो." गिरासेंनी कळसाडीच्या ताराचंद आप्पांना लावला. आप्पा उसाच्या वावरात पाणी भरत होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आदल्याच महिन्यात मी सगळ्यांना बजावलं होतं, 'फोनवर खोटे पोलीस येतात, युनिफॉर्म दाखवतात, घाबरवतात आणि लुबाडतात. अनोळखी साहेबावर विश्वास ठेवू नका.'

साहेब कडक आवाजात म्हणाले, "ताराचंद, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

आप्पांनी डोळे बारीक केले. "मी वावरमा शे. तुमी कोठे शेतस?"

"मी ऑफिसात आहे. मी वरिष्ठ अधिकारी आहे."

"खोटा पोलीस बी हाईच सांगस!"

मी खुर्चीतून उठले. साहेबांनी हाताने मला थांबवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे बघा, माझं ओळखपत्र." त्यांनी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं.

"कार्ड कोनं बी छापस. सगळी खोली दखाडा."

साहेबांनी फोन गोल फिरवला. कपाट दिसलं, पंखा दिसला, गिरासे दिसले. गिरासेंना बघून आप्पांचा जीव जरा भांड्यात पडला, पण पूर्ण नाही. "गिरासे भाऊ, तुमले कोनी पकडेल ते नही ना?"

"नही हो आप्पा! हाऊ साहेब खरा शे!"

आप्पांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तव्हय ठीक. साहेब, पहिले तुमना चेहरा गोलमा आना, मंग बोलू!"

आणि खरं सांगते, साहेबांनी आणला! पाहणीच्या शेऱ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'लाभार्थ्यांमधील जागरूकता अपेक्षेपेक्षा अधिक.'

* * *

आता दित्याची गोष्ट.

दित्या पावरा, वीस-बावीस वर्षांचा. धडगावच्या बाजारात एकाचा मोबाईल चोरला होता. पकडला गेला, कबूल झाला, कोर्टाने हमीवर सोडला. आणि हमीची अट काय, तर दर सोमवारी मोबाईलवर हजेरी!

"मॅडम, माझ्याकडे मोबाईल नाही," तो म्हणाला. "असता तर चोरला कशाला असता?"

पाड्यात कुणाचा तरी घे म्हटलं. पण मोबाईलचोराला मोबाईल कोण देणार? दारोदार फिरला. शेवटी शेजारच्या म्हातारीने दिला, रेशमीबाईंनी. त्यांचा मुलगा सुरतेच्या पुढे बांधकामावर होता. त्याचा फोन यावा म्हणून तर त्यांनी बकरी विकून हा फोन घेतला होता. दित्या सोमवारी न्यायचा, टेकडीवर रेंजमध्ये जाऊन फोटो पाठवायचा, सोलरवर चार्ज करून परत द्यायचा. आणि दर वेळी म्हातारी एकच विचारायची, "वाजला का?"

"नाही वाजला."

असे बरेच सोमवार गेले.

मग एकदा दित्या रविवारीच फोन घेऊन गेला तो परत आलाच नाही. पाड्यातली अंगणवाडीताई दुसऱ्याच्या फोनवरून मला म्हणाली, "मॅडम, सगळे म्हणतात, चोर तो चोरच. म्हातारी दारात बसून आहे."

सोमवारी हजेरीची वेळ झाली. फोटो नाही. अर्धा तास संपला. गिरासेंनी कोर्टाला पत्र टाईप करायला घेतलं. टाईप करताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मीही त्यांच्याकडे बघत नव्हते. हे पत्र गेलं की पोरगा तुरुंगात, हे दोघांनाही माहीत होतं.

पत्रावर सही करायला मी पेन उघडलं आणि फोटो आला. ठिकाण, सुरतेच्या पुढचं. गोलात दित्या, धुळीने माखलेला. आणि गोलाच्या बाहेर, त्याच्या खांद्याला खांदा लावून दुसरा एक माणूस, डोक्याला फडकं बांधलेला.

मागोमाग फोन आला. "मॅडम, हद्दीबाहेर आलो. चुकलो. पण हा सापडायला वेळ लागला, तीन साइट बदलल्या होत्या त्याने."

"कोण सापडायला?"

"रेशमीबाईचा पोरगा. याचा फोन पाण्यात पडला, नंबर गेले. इतके दिवस फोन केला नाही, आता म्हातारीला तोंड कसं दाखवायचं, म्हणून घरीच येत नव्हता. मी म्हटलं, चल, तोंड मी दाखवतो दर सोमवारी, तू एकदा दाखव."

"मला विचारून जायचं नाही का रे?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

खरंच, म्हटलं असतं.

कोर्टाला पत्र गेलंच, पण वेगळं. सगळं जसं घडलं तसं लिहिलं आणि शेवटी माझी शिफारस. सुनावणीला दित्या आला, मुलगा आला आणि रेशमीबाईही आल्या, नवं लुगडं नेसून. न्यायाधीशांनी दित्याला समज दिली, चांगली कडक, आणि हमी तशीच पुढे चालू ठेवली. मग म्हातारीकडे बघून विचारलं, "आजी, तुमचा फोन तुम्हाला परत मिळाला ना?"

सोबत आलेल्या अंगणवाडीताईने ते पावरी बोलीत सांगितलं. म्हातारीने कनवटीचा फोन काढला आणि सगळ्या कोर्टासमोर दित्याच्या हातात ठेवला.

"मला आता कशाला?" ती म्हणाली. "ज्याचा यायचा होता, तो घरी आला."