गोठ्यातलं टेबल

अवजारं वापरणारी माणसं जगात खंडीभर सापडतील, पण अवजारांच्या राहण्याची सोय करण्यात आयुष्य घालवणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्काचे, हे यजमान. लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला शिफ्ट करकरून रिटायर झाले, आणि खेडहून दापोलीला जाताना लागणाऱ्या आपल्या गावात येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर जनावरं विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा ताब्यात घेतला. "इथं वर्कशॉप काढतो पावणे," मला म्हणाले. "एकदा लागलं ना, की घरात लाकडाची वस्तू म्हणून विकत आणायची नाही." आक्काला बिचारीला ते खरं वाटलं. मलाही वाटलं होतं, त्यामुळे तिला हसायची माझी सोय राहिली नाही.

वर्कशॉप म्हटलं की आधी टेबल. पण नीट टेबल करायला हाताशी टेबल लागतं, म्हणून साडूभाऊंनी एक कच्चं टेबल केलं, त्याच्यावर एक बरं टेबल केलं, आणि त्या बऱ्या टेबलावर शेवटी खरं टेबल केलं. फणसाच्या हातभर रुंद फळ्या शेजारी शेजारी जोडून केलेला माथा, ऐनाचे पाय, आणि कडेला कंपनीत असतो तसला लोखंडी व्हाइस, ज्याची मूठ फिरवली की हत्तीचा पाय धरून ठेवेल. त्या माथ्याला त्यांनी इतकं घासलं, इतकं तेल पाजलं, की त्यावर काही ठेवायची कुणाची छाती होईना. मी एकदा चहाचा कप टेकवला, तर ओरडलेच. "अहो, डाग पडेल!" म्हटलं, साडूभाऊ, टेबल आहे की देव्हारा? तर म्हणाले, "देव्हारा परवडला. त्याला पाणी चालतं."

टेबलानंतर कपाटं. आधीची दोन टेबलं मोडून त्यांच्या फळ्याही त्यातच गेल्या. आणि इथे माणूस जो अडकला तो अडकलाच. कपाट करायला रंधा आणला, तर रंधा ठेवायला जागा नाही. मग रंध्यासाठी कपाट. त्या कपाटाच्या खणांना खाचा पाडायला बारीक पटाश्या आणल्या, आता पटाश्या कुठे ठेवायच्या? चारी भिंती अशा भरत गेल्या. खिळ्यांचे खण, स्क्रूचे खण, वायसरचे खण, आणि एक खण असा, ज्यात कपाटांच्या कड्या-कोयंडे शिल्लक राहिले तर ठेवायचे. बरण्यांची झाकणं फळीच्या खालून ठोकून बरण्या उलट्या फिरवून लटकवलेल्या. गोठ्यात उभं राहिलं की माणसाला आपण औषधाच्या दुकानात आलोय असं वाटावं. काम मात्र शून्य! घरातल्या चौरंगाचा पाय मोडला तेव्हा गावातला सुतार बोलवावा लागला. तो पडवीत बसून पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून काम करत होता, आणि आमचे साडूभाऊ गोठ्याच्या दारातून त्याला सांगत होते, "आमचं अजून लागायचंय रे. लागलं की तुला त्रास नाही देणार."

शिस्त तर विचारू नका. कंपनीत भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्ह्याची बाह्याकृती रंगवलेली असते, म्हणजे पान्हा कुणी नेला की रिकामी आकृती बोंब मारते. ती खोड ते घरी घेऊन आले. एकदा मी त्यांची पक्कड खेडला आमच्या घरी आणली आणि परत द्यायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पावणे, पक्कडीची जागा मोकळी आहे." एवढंच बोलून ठेवून दिला! त्या सुरात असं काही दुःख होतं, की मी जेवायच्या आधी एसटी धरून पक्कड पोचवून आलो. भरात आलेल्या या माणसाने पडवीत चपलांच्या आकृत्याही रंगवल्या. त्या त्यांच्या आणि आक्काच्या मापाच्या. आल्या-गेल्याने चपला कुठे काढायच्या हा प्रश्न गावाने अंगणात काढून सोडवला.

हे सगळं मी हसत सांगतोय खरा, पण त्या घरात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आक्काचे गुडघे गेले होते. घर जुन्या पद्धतीचं. गॅसची शेगडी मावेल एवढाच ओटा, बाकी सगळा स्वयंपाक जमिनीवर. मासे साफ करायचे बसून, तांदूळ निवडायचे बसून, आणि कोकणातल्या घरात रोज ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो नारळ खवायचा तोही विळीवर बसून. खेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसायचं बंद. म्हणजे स्वयंपाकच बंद म्हणा ना. आक्का साडूभाऊंच्या मागे लागली होती, "उभ्याने काम करता येईल असं एक टेबल द्या हो मला. साधं द्या. फळकूट द्या." त्यावर ठरलेलं उत्तर, "वर्कशॉप लागू दे गं, पहिलं काम तुझं." शेवटी ठाण्याहून मुलाने निर्णय दिला. गणपतीला येतो आणि परत जाताना आईला घेऊन जातो. म्हणाला, आमच्याकडे लांबलचक ओटा आहे, हॉस्पिटल जवळ आहे. मुलगा गुणी, बोलला त्यात चूक काहीच नव्हती. "बाबांनीही यावं," असं तो म्हणाला, पण बाबा गोठा सोडून येणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. आक्काने बॅग काढली. आम्हाला फोनवर म्हणाली, "काय करू? पाय चालत नाहीत तिथे हट्ट काय चालणार?" ती गेली असती तर परत आली नसती. हे आम्हाला कळत होतं, आणि साडूभाऊंना तर नक्कीच कळत होतं. पण त्यांनी अवाक्षर काढलं नाही. माझी बायको त्या दिवशी त्यांना फोनवर वाट्टेल ते बोलली, आणि मला ते आवडलं.

गणपतीच्या आधी पताका-तोरणं घेऊन मी गेलो, तर सकाळच्या उन्हात अंगणात फणसाचं टेबल आडवं पडलेलं. साडूभाऊ घामाघूम, हातात करवत. मला वाटलं माणसाचं डोकं फिरलं. "अहो, काय करताय हे!"

"पाय कापतोय," म्हणाले. "माझ्या मापाचं आहे. तिला उंच होईल." मग आक्काला हाक मारली, "इकडे ये. सरळ उभी राहा. हात सोड." जमिनीपासून तिच्या मनगटापर्यंत टेप लावला. मला म्हणाले, "टेबल मनगटाला आलं पाहिजे, म्हणजे कमरेत वाकायला लागत नाही. हे सोडून उंचीचं दुसरं माप नाही." आक्का हात सोडून उभी, लग्नात उभी होती तशी अवघडून. मी म्हटलं, अहो नवीन करा की, लाकूड आहे, अवजारं आहेत, आता तर सगळं लागलंय! करवत न थांबवता ते म्हणाले, "नवीन करायला मला वर्ष लागतं, पावणे. मला मी माहीत नाही का?"

ते धूड स्वयंपाकघरात नेताना माझ्या पाठीचे टाके ढिले झाले. मग त्यांनी आक्काची विळी मागितली, तिचा पाट ठोकून काढला, आणि नुसतं पातं व्हाइसमध्ये घालून मूठ आवळली. "खव," म्हणाले. आक्काने उभ्याने अर्धा नारळ धरला आणि खवला. पातं केसभर हललं नाही. खोबऱ्याचा पांढराशुभ्र चव त्या तेल पाजलेल्या माथ्यावर पडत होता, डाग पडत होते, आणि साडूभाऊ बघत होते. "मेलं बरं आहे हो," आक्का म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. माझेही भरून आले, उगाच खोटं कशाला सांगू?

गणपतीत त्याच टेबलाशी उभं राहून तिने मोदक केले. निघताना मुलाने बॅग उचलली, तर ती हलकी लागली. आक्काने ती आधीच रिकामी केली होती. "आता दिवाळीला बघू," ती म्हणाली, आणि मुलगा हसला. तोही मनातून सुटला असावा.

परवा पुन्हा जाऊन आलो. गोठ्यात चारी भिंतींना कपाटं आणि मधे मोकळी जमीन. साडूभाऊ म्हणाले, आता स्वतःसाठी नवं टेबल करतो, जरा माझं माप घ्या. हात सोडून उभे राहिले. मी मनगटाला टेप लावून आकडा सांगितला. "चुकलात," ते म्हणाले. पुन्हा लावला. तोच आकडा. मग त्यांनी टेपच्या नावाने बोटं मोडली, खणातून दुसरा टेप काढून दिला. तोही तेच सांगत होता. जुन्या टेबलाच्या वेळी घेतलेल्या मापापेक्षा मनगट दोन बोटं खाली आलं होतं. "पावणे," म्हणाले, "मी आखूड झालो की हो."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आक्काला सगळं ऐकू जात होतं. नारळ खवता खवता ती आतूनच ओरडली, "मग नवं कशाला करताय? थांबा आणखी थोडी वर्षं. माझ्याएवढे झालात की या इथेच."

साडूभाऊ हसले. मीही हसलो. मग त्यांनी टेप गुंडाळला आणि बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला.